पुस्तक घेऊन ये

सॅगिनॉ, मिशिगन
मंगळवार, दुपारचे बारा (ट्रक दोनला सुटतो)

ती. हेल्मीताई,

तू कबूल कर अथवा करू नकोस, पण अजूनही तुझा सख्खा भाऊच असलेल्या आर्वोचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढंच.) तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी घालतात की अजून रुसूनच आहेत? सौनाच्या, आपल्या त्या वाफेच्या न्हाणीच्या, चुलीचं धुराडं मी जूनमध्ये बांधून दिलं होतं ते टिकलं का? माझं म्हणशील तर मी खडखडीत बरा आहे, भूक लागते, झोप कालपर्यंत लागत होती. आधी एक हात जोडून विनंती. तुला पत्र शेवटाकडून वाचायची खोड आहे. आईचं आजारपणाचं पत्रसुद्धा तू तसंच वाचलंस आणि सहीच्या वर "आता उठून बसते" एवढं वाचून खुशाल केक करायला घेतलास. या खेपेला कृपा करून वरून खाली वाच. शेवटी काहीएक नाही, उगाच दोन ओळी आहेत.

तुझं कार्ड पोचलं. "आर्वो, फळी कशी आहे? खरं लिही. हेल्मी." मागे मोठ्या पुलाचं चित्र. दोन महिन्यांच्या अबोल्यानंतर सहा शब्द आणि एक सही! मी ते सामानखोलीत हेल्मेटांच्या फडताळावर लावून ठेवलं आहे. तू फळीबद्दल विचारलंस म्हणजे कुणाबद्दल विचारलंस हे न कळण्याइतका मी बावळट नाही. पण तू फळी विचारलीस, तर मी फळीच सांगणार, आणि ती डावीकडून उजवीकडे क्रमाने सांगणार. मध्ये घाई करू नकोस.

तुझी नेहमीची तक्रार असते की टीव्हीवर तुला नुसता चेंडू दिसतो, माणसं दिसतच नाहीत. म्हणून पुन्हा सांगतो. आमच्या अमेरिकन फुटबॉलात फळी म्हणजे चेंडूच्या दोन्ही अंगांना ओणवे उभे राहणारे आपले पाच गडी. समोरून धावून येणारे रेडे अडवायचे, आणि मागच्या देखण्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला सवड द्यायची, बस, एवढंच काम. त्यांनी चेंडू पकडायचा नाही, पळायचं नाही, कुणी फुलं द्यायची नाहीत. भोंग्यावरून यांच्यापैकी कुणाचं नाव पुकारलं गेलं तर समजायचं, काहीतरी घोळ घातला आहे. ज्याचं नाव वर्षभरात एकदाही ऐकू आलं नाही तो उत्तम. आमच्या लंबरमेन टीमची फळी गेल्या वर्षी इतकी पुकारली गेली की प्रेक्षकांना पाचही जणांच्या नावांची स्पेलिंगं पाठ झाली.

तर डावीकडून पहिला लमार ट्रेडवेल. साडेसहा फूट उंच. वजन विचारू नकोस, आमचा काटा तीनशेच्या पुढे गप्पच बसतो. याला ढकलून पुढे गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण गांधीलमाशी दिसली की हा गडी गायब. दुसऱ्या आठवड्यात सरावाच्या ऐन मध्यावर एक आली. लमार कुंपणापलीकडे, डावी बाजू सताड उघडी, आणि क्वार्टरबॅक असा आडवा झाला की त्याच्या हेल्मेटातलं गवत मला चिमट्याने काढावं लागलं. कोचने वहीत लिहिलं, "डावी बाजू भक्कम, माशी नसल्यास."

त्याच्या शेजारी ड्वेन प्रुइट. हा अंगाने बेताचा, पण तोंडाने दोघांना पुरून उरतो. समोर ओणव्या झालेल्या माणसाला तो अगदी आपुलकीने विचारतो, "काय रे, आईचं ऑपरेशन होतं ना? कसं झालं?" समोरचा बिचारा म्हणतो, "कुठलं ऑपरेशन?" आणि तेवढ्यात चेंडू गेलेला असतो. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, लाज वाटत नाही का?" तर म्हणतो, "मामा, मी मनापासून चौकशी करतो, लोकच उत्तर उशिरा देतात." (हो, मामा. तुझा मुलगा मला मामा म्हणतो हे ऐकून तीन आठवड्यांत सगळी टीम मामा म्हणायला लागली. आज सकाळपासून मला ते वेगळंच ऐकू येतं आहे. का, ते पुढे कळेल.)

मधला गडी आत्ता सोडून देतो. त्याच्या उजवीकडे कॅसिमिर कॉशोलेक, ज्याचा गुडघा पाऊस सांगतो. उजवा दुखला तर पाऊस, डावा दुखला तर वारा, दोन्ही दुखले तर तो सरावाला येत नाही. रेडिओपेक्षा त्याच्यावर माझा भरवसा जास्त आहे. खेळतो म्हणशील तर बरा खेळतो, कोरड्या हवेत.

आणि उजवीकडून शेवटचा ओडेल रॅन्सम. क्वार्टरबॅक "हट" म्हणाला की हलायचं, असा नियम आहे. ओडेल "ह" वरच हलतो. मग शिट्टी, मग दंड म्हणून पाच यार्ड मागे, मग कोचची टोपी जमिनीवर. परवा जेवणघरात वाढणाऱ्या बाईंनी त्याला नुसतं "हॅम घेणार की..." एवढं विचारलं, तर हा पठ्ठ्या टेबलासकट पुढे गेला. बाईंना काही झालं नाही, पण मटार अजून सापडत आहेत. ताई, तुझं नाव ह वरून आहे, तेव्हा तू कधी आलीस तर त्याच्यासमोर मी तुला हाक मारणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आता मधली जागा. या जागेचा गडी चेंडूवर हात ठेवून ओणवा होतो, कुणी कुणाला अडवायचं ते दोन्हीकडे ओरडून सांगतो, आणि पायांमधून चेंडू मागे देतो. त्याच्यावाचून खेळ सुरूच होत नाही. दहा वर्षं ही जागा बर्डेटची होती. छत्तीस वर्षांचा, गुणी माणूस. काल सकाळी तो नेहमीप्रमाणे ओणवा झाला आणि ओणवाच राहिला. पाठीत चमक. त्याला सरळही करता येईना आणि आडवाही करता येईना, म्हणून आम्ही चौघांनी तो जसा होता तसाच उचलून डॉक्टरकडे नेला. वाटेत एका आजीबाईंनी विचारलं, "पुतळा कुठे बसवणार?" डॉक्टर म्हणाले, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत याला वाकायचं नाही. हंगाम तर येत्या रविवारी सुरू होतो. तेव्हा मधली जागा रिकामी झाली, आणि तिच्यामागे रांगेत फक्त एकच गडी उभा होता.

पण त्याआधी जूनबद्दल बोललं पाहिजे.

मध्यउन्हाळ्याच्या शेकोटीपाशी, अख्ख्या गोतावळ्यासमोर, मी म्हणालो होतो की तुझा रेइनो फळीत टिकायचा नाही. पोरगा फार सभ्य आहे, म्हणालो. ज्याला पाडतो त्याला हात देऊन उठवतो आणि वर सॉरी म्हणतो, म्हणालो. सगळे हसले. रेइनोही हसला. तू हसली नाहीस. तू माझ्या हातातला अर्धा भरलेला कॉफीचा कप काढून घेतलास, आणि वेलदोड्याच्या पावाची ताटली माझ्यापुढून उचलून कुत्र्यापुढे ठेवलीस. तेव्हापासून मी फोन केला की तू माझा आवाज ऐकतेस आणि खाली ठेवतेस. मला राग आला होता, लपवत नाही. चार माणसांत कुणी कप काढून घेतं का? पण ताई, चूक माझी होती. लिहिलं एकदाचं.

खरं लिही म्हणालीस ना? मग ऐक. मी तीन आठवडे सामानखोलीच्या खिडकीतून, खांद्याच्या गाद्यांचे पट्टे शिवता शिवता, तुझ्या मुलाला बघतो आहे. तो अजूनही सॉरी म्हणतो. पहिल्या दिवशी सगळे खदखदा हसले. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की समोरच्याला त्याचा रागच येत नाही, आणि राग न आलेला माणूस अर्धा क्षण सावकाश उठतो. तेवढा अर्धा क्षण रेइनोला पुरतो. दुसऱ्यांदा पडताना तर काहीजण आपणहून "असू दे, असू दे" म्हणायला लागले. काल डॉक्टरच्या टेबलावर, ओणव्या अवस्थेतच, बर्डेट कोचला म्हणाला, "माझी जागा त्या पोराला द्या. तो चेंडू देतो तेव्हा दिल्यासारखा वाटत नाही, हातात होताच असं वाटतं." मी ऐकलं, कारण त्याचा एक पाय माझ्या हातात होता. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन नाक शिंकरलं. सर्दी नव्हती. शेकोटीपाशी मी जे बोललो ते सगळं चूक होतं, ताई. सगळं.

आता आजचा दिवस. हंगामाआधीच्या शेवटच्या मंगळवारी टीममधली जास्तीची माणसं कापतात. हे काम ऑफिसातले फेनविकसाहेब करतात. त्यांना सगळे "न्हावी" म्हणतात. न्हावी सकाळी दारात येतो आणि एकच वाक्य बोलतो, "कोचने बोलावलंय, पुस्तक घेऊन ये." पुस्तक म्हणजे डावांचं जाडजूड पुस्तक, जे परत करायचं असतं. ते परत केलं की तू या टीमचा नाहीस. "घरी जा" असं कुणी म्हणत नाही, आणि म्हणायची गरजही पडत नाही. या मंगळवारी माणसं न्हाव्याला अशी टाळतात की विचारू नकोस. ओडेल दर वर्षी माझ्या मळक्या टॉवेलांच्या गाड्यात लपतो. आजही होता. मी गाडा ढकलायला गेलो तर टॉवेल म्हणाले, "गेला का रे तो?"

मला ते वाक्य अनोळखी नाही. सत्तेचाळीस साली मीही इथे फळीत उभा राहायला आलो होतो. आठव्या दिवशी दारात त्या वेळचा न्हावी आला. घरी तुला काय तोंड दाखवू म्हणून मी सामानखोलीत जाऊन बसलो, समोर एक तुटका पट्टा होता, तो शिवला. मग दुसरा शिवला. त्याला सदतीस वर्षं झाली. तुम्हाला मी कळवलं की मला "आतल्या कामावर" घेतलं. त्या वाक्याची आच ज्याला लागली आहे असा या इमारतीत माझ्याहून जुना माणूस नाही. आणि तरीही.

आज सकाळी फेनविकसाहेबांचं पोट बिघडलं. (मटारांशी संबंध असावा.) आठ वाजता कोच मॅग्रूडर सामानखोलीत डोकावले आणि म्हणाले, "आर्वो, तुझ्या भाच्याला पाठव. बर्डेट त्याच्याबरोबर बसून मैदानात ओरडायच्या सगळ्या हाका लिहून देणार आहे, तेव्हा पुस्तक घेऊन यायला सांग." माझ्या तोंडात ब्लूबेरी पायचा घास, एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात गोंद. मनात नुसता आनंद. मी धावत वसतिगृहाच्या जिन्यापर्यंत गेलो. रेइनो दाढी करून खाली येत होता. आणि मी, तुझा अक्कलवान भाऊ, शेवटच्या मंगळवारी, सकाळी आठ वाजता, त्याच्यासमोर उभा राहून म्हणालो, "रेइनो, कोचने बोलावलंय. पुस्तक घेऊन ये."

तोंडात घास होता म्हणून पुढचं लगेच बोलता आलं नाही. गिळून बोलणार, तेवढ्यात त्याने माझा हात हातात घेतला. म्हणाला, "थँक यू, मामा. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा तू सांगितलंस ते बरं झालं. तू जूनमध्येच बोलला होतास." मला वाटलं, पोराला आनंदाने काही सुचत नाही! मी त्याची पाठ थोपटली, ताई. वर म्हणालोसुद्धा, "मग? मामा काय उगाच म्हणतात का?" आणि गोंद वाळतो म्हणून परत पळालो.

दहा वाजता कोच विचारायला आले, भाचा कुठे आहे? खोलीत गेलो तर गादीवर घडी केलेला टॉवेल, त्यावर पुस्तक, त्यावर चिठ्ठी. "कोच, तीन आठवड्यांबद्दल आभारी आहे. मी समोर आल्याने आपल्याला अवघड वाटायला नको म्हणून जातो. पान एक्केचाळीसवरचा कॉफीचा डाग आधीपासून होता. सॉरी." खिडकीतून पाहिलं तर त्याच्या तपकिरी पिकअपच्या जागी नुसतं तेल सांडलेलं. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी तिथेच गादीवर बसलो. खरं सांगतो, सत्तेचाळीस साली मी स्वतःसाठी रडलो नव्हतो तेवढा आज त्या टॉवेलाची घडी बघून रडलो.

मग तुला फोन केला. पहिल्यांदा मी "ताई" म्हणालो, तू ठेवलास. दुसऱ्यांदा "ताई, ऐक" म्हणालो, तू ठेवलास. तिसऱ्यांदा मी आवाज बदलून औषधाच्या दुकानातून बोलतो म्हणालो, तर तू म्हणालीस, "त्यांना सांगा, आर्वोला खोकल्याचं औषध द्या," आणि ठेवलास. म्हणून हे पत्र. साखरेच्या कारखान्याचा वेंडेल तुमच्याकडच्या बेकरीत माल टाकायला दोनला निघतो, त्याच्याबरोबर धाडतो आहे. अंधार पडला की हरणांच्या भीतीने तो पुलाच्या अलीकडेच मुक्काम करतो, त्यामुळे बुधवारी सकाळी पोचेल. तोवर रेइनो घरी आलेला असेल आणि सौनात दार लावून बसला असेल. लहानपणी चेंडू खाणीच्या खड्ड्यात घालवला होता तेव्हाही तिथेच बसला होता.

तर अशी आहे फळी. डावीकडे माशी, उजवीकडे ह, गुडघ्यात पाऊस, आणि मधे गवत. एकंदरीत माझं मत, आशा ठेवायला जागा आहे, तेवढी एक जागा भरली तर. धुराड्याचं लक्षात ठेवून कळव. कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा घाल.

तुझा, कप काढून घ्यायच्याच लायकीचा भाऊ,
आर्वो

ता. क. वेंडेल साखर उतरवून अकराला रिकामा परत निघतो. त्याच्या शेजारची जागा मी भाच्यासाठी राखून ठेवायला सांगितली आहे. रेइनोला त्याच्या पिकअपने पाठवू नकोस, ती तेल पिते आणि पुलावर बंद पडते. गुरुवारी सकाळी सातला कोचला मैदानात मधला गडी उभा दिसला पाहिजे. नाही दिसला तर ते दुसऱ्या टीमने कापलेला एक उचलणार आहेत.

ता. क. दुसरा. तू फोन घेत नाहीस म्हणून मी शेजारच्या इम्पीबाईंना केला होता. त्यांच्या कानांचं तुला ठाऊक आहे. "रेइनोला काढलेलं नाही" हे मी पाच वेळा ओरडून सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "अरेरे, आर्वो गेला? फार त्रास नाही ना झाला?" तेव्हा त्या झाकलेलं भांडं घेऊन रडत आल्या तर घाबरू नकोस. मी जिवंत आहे. भांडं मात्र ठेवून घे, त्यांचं बटाट्यांचं चांगलं असतं.

ता. क. तिसरा. कोच असंही म्हणाले की गुरुवारी सातला भाचा आला नाही तर "आर्वो, तू ये, आणि सामानखोलीच्या किल्ल्या घेऊन ये." ते बहुधा चेष्टेत म्हणाले. कोच चेष्टा करत नाहीत. पण हे वर लिहिलं नाही, कारण माझ्यासाठी म्हणून त्याला पाठवू नकोस. माझे पट्टे आता दुसरं कुणीही शिवेल.

ता. क. चौथा. इथूनच वाचायला घेतलंस ना? मला माहीत होतं. मग बाकीचं राहू दे, चष्मा आहे तिथेच असू दे, आणि आधी सौनाचं दार वाजव. त्याला सांग, तुला कापलेलं नाही, मधे उभं केलंय. मामा चुकला. जूनमध्ये चुकला आणि आज सकाळीही चुकला. आणि ताई, रविवारी टीव्ही लावशील तेव्हा चेंडू उडायच्या आधी बघ. गवतावर असतो ना, तेव्हा त्याच्यावर एक हात असतो. तो आपल्या रेइनोचा असेल. वेंडेलच्या काखेत एक जाड काळं पुस्तक आहे. आतल्या पानावर बर्डेटचं नाव खोडून कोचने स्वतःच्या हाताने रेइनोचं घातलं आहे. ते त्याच्या हातात दे. आणि म्हणावं, येताना पुस्तक घेऊन ये.